ओळखीचं गाव

13 मार्च 1996, बुधवार. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात सकाळी सव्वाआठच्या सुमारास एक माणूस घरासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनवरचा बर्फ खरवडत होता. एका शेजाऱ्याने त्याला पाहिलं, दोघांमध्ये चार शब्द झाले. बोलणं नेहमीसारखंच झालं, अशी नोंद पुढे चौकशी अहवालात आली. तो अहवाल वाचताना मी सर्वांत जास्त वेळ अडखळलो तो याच ओळीपाशी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सकाळच्या थंडीत काच साफ करणारा माणूस. रोज कुणी ना कुणी दिसतोच की.

काही वेळाने तो डनब्लेनकडे निघाला.

डनब्लेन स्टर्लिंगच्या उत्तरेला, मोटारीने अगदी जवळ. ॲलन वॉटर नावाची छोटी नदी, तिच्या काठी तेराव्या शतकातलं कॅथीड्रल, एक मुख्य रस्ता, एक रेल्वे स्टेशन. ग्लासगो-एडिंबरोला नोकरीसाठी जाणारी मंडळी इथे घरं घेतात, कारण गाव शांत आणि शाळा चांगली. पोस्टात, चर्चमध्ये, शाळेच्या फाटकाशी तेच ते चेहरे भेटावेत, एवढीच वस्ती. प्राथमिक शाळा मात्र मोठी होती. सुमारे 640 मुलं, म्हणजे गावातल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीतून कुणीतरी त्या फाटकातून आत जाणारं.

साडेनऊच्या सुमारास व्हॅन शाळेच्या आवारात आली. त्या माणसाने आधी एका टेलिफोनच्या खांबाशी जाऊन तारा कापल्या. त्या तारा शाळेच्या नव्हत्याच, शेजारच्या घरांच्या होत्या. पहिली ते तिसरीच्या अडीचशे मुलांचा परिपाठ नुकताच संपला होता. पहिलीच्या एका वर्गाचा पी.टी.चा तास होता आणि ती 28 मुलं जिम हॉलमध्ये जमली होती. त्यातली 25 पाच वर्षांची, तीन सहा वर्षांची. सोबत वर्गाच्या बाई आणि पी.टी.च्या बाई. वर्गाच्या बाईंना एका बैठकीला जायचं होतं, म्हणून त्यांना मोकळं करायला एक मदतनीस बाई तेवढ्यात येऊन पोचल्या होत्या.

पुढची तीन-चार मिनिटं मी इथे तपशिलाने सांगणार नाही. ज्यांना हवीत त्यांच्यासाठी ती अहवालात आहेत. हिशोब एवढाच, की त्याच्याजवळ चार हँडगन होत्या, दोन पिस्तुलं आणि दोन रिव्हॉल्व्हर. सोबत 743 काडतुसं. त्याने एका पिस्तुलातून 105 गोळ्या झाडल्या आणि शेवटची, रिव्हॉल्व्हरची, स्वतःवर. 16 मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. जखमींची संख्या 15. पी.टी.च्या बाई आणि मदतनीस बाई स्वतः जखमी असतानाही काही मुलांसह खेळाचं साहित्य ठेवायच्या जागेत शिरल्या. बाहेर जवळच पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गखोलीत दुसऱ्या एका बाईंनी आवाज ऐकून मुलांना जमिनीवर झोपायला लावलं होतं. त्या खोलीवर आलेल्या बहुतेक गोळ्या पुस्तकांत आणि सामानात अडकल्या. एक गोळी खुर्चीतून आरपार गेली. काही क्षणांपूर्वी त्या खुर्चीत एक मूल बसलेलं होतं.

चारही शस्त्रं परवान्याची होती. त्याच्या नावाने, रीतसर, पोलिसांच्या सहीने दिलेली.

त्याचं नाव या प्रकरणात येणार नाही. डनब्लेनमध्येही ते फारसं कुणी उच्चारत नाही.

मुख्याध्यापकांचा फोन 9 वाजून 41 मिनिटांनी गेला. बातमी त्याहून वेगाने पसरली. आया दुकानातून, कचेरीतून, घरातून जशा होत्या तशा धावत सुटल्या. फाटकाशी गर्दी झाली आणि तिथून पुढे गावाच्या वाट्याला जे आलं, ते गोळ्यांइतकंच खोल गेलं. हळूहळू शाळेतल्या इतर वर्गांची मुलं आईबापांच्या हाती दिली जाऊ लागली. कुठला वर्ग, हे कळल्यावर त्या वर्गाच्या पालकांना वेगळं बसवण्यात आलं. आणि मग वाट पाहणं. तास, दोन तास, तीन तास. मृतांची ओळख खात्रीशीर पटल्याशिवाय कुणालाही काही सांगायचं नाही, असं पोलिसांचं धोरण होतं. काही घरांना दुपार उलटली तरी आपलं मूल आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. चौकशीत या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले गेले, आणि ते रास्तच होते. ज्या गावात शिक्षक, पोलीस, डॉक्टर, पाद्री सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात, तिथे 'ओळख पटवण्यासाठी' माणसांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं गेलं.

आता त्या माणसाकडे वळू, कारण ओळखीचा खरा पेच इथे आहे.

शाळेत घुसून गोळीबार करणारा माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुणीतरी परका येतो. कुठून तरी उगवलेला. डनब्लेनचा मारेकरी परका नव्हता. गेली कित्येक वर्षं तो त्या पट्ट्यातल्या गावागावांत मुलांचे क्लब चालवत होता. शाळांचे हॉल भाड्याने घ्यायचा, मुलांकडून जिमनॅस्टिक करून घ्यायचा, सुट्टीत शिबिरं भरवायचा. त्याआधी तो स्काउटमध्ये होता. तक्रारी आल्यावर 1974 मध्ये स्काउटने त्याला दूर केलं. तेव्हापासून आपल्यावर अन्याय झाला, आपल्याबद्दल अफवा उठवल्या गेल्या, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं. तो पत्रं लिहीत सुटला. नगरपालिकेला, खासदारांना, शाळांना, पालकांना. हत्याकांडाच्या सहा दिवस आधी त्याने थेट राणीला तक्रारीचं पत्र धाडलं होतं.

गावातल्या अनेक घरांचा त्याच्याशी संबंध आला होता. मजूर पक्षाचे वरिष्ठ नेते जॉर्ज रॉबर्टसन डनब्लेनलाच राहायचे. त्यांचा मुलगा त्या क्लबमध्ये जायचा. तिथलं वातावरण पाहून त्यांनी त्याला काढून घेतलं होतं. पुढे नाटोचे सरचिटणीस झालेले ते हेच रॉबर्टसन. त्या दिवशी शाळेत आठ वर्षांचा एक मुलगा आपल्या वर्गाबरोबर जिमच्या दिशेने निघाला होता, त्याचा दहा वर्षांचा भाऊही त्याच शाळेत होता. ही भावंडं म्हणजे अँडी आणि जेमी मरे. त्यांची आई जूडी त्या माणसाला कधीकधी आपल्या गाडीतून सोडायची. अँडी स्वतः त्याच्या क्लबला गेलेला. त्याच गाडीत तो माणूस बसायचा, हे अँडी मरेने पुढे जाहीरपणे सांगितलं.

तर लोकांना तो ठाऊक होता. काहींना तो नुसता विक्षिप्त वाटायचा, काहींना त्याहून वाईट शंका होती. आयांनी एकमेकींना बजावलं होतं. प्रश्न असा की ही कुजबुज कागदावर आली होती का?

आली होती, आणि हेच सगळ्यात जास्त टोचतं. 1991 च्या उन्हाळ्यात लॉक लोमंड या तळ्याकाठी त्याने भरवलेल्या शिबिराबद्दल तक्रारी झाल्या. बालसंरक्षण पथकातल्या एका सार्जंटने चौकशी केली, आणि नोव्हेंबरमध्ये वरिष्ठांना टिपण लिहिलं. हा माणूस कावेबाज आहे, विश्वास ठेवण्याजोगा नाही, त्याचा शस्त्रपरवाना रद्द करण्याचा गांभीर्याने विचार व्हावा, असं त्यात स्पष्ट होतं. टिपण वर सरकत सरकत उप-पोलीसप्रमुखांच्या टेबलावर गेलं. तिथे शेरा पडला: कारवाई नको. कारण, गुन्हा शाबित झालेला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत ज्याने फायली पाहिल्या आहेत, त्याला हा शेरा परका वाटणार नाही. परवान्याचं नूतनीकरण पुढेही होत राहिलं, शेवटचं 1995 मध्ये.

लॉर्ड कलन हे न्यायाधीश चौकशीला नेमले गेले. 1988 च्या पायपर अल्फा या तेलविहिरीवरच्या आगीची चौकशी त्यांनीच केली होती. 29 मे ते 10 जुलै 1996 या काळात स्टर्लिंगच्या आल्बर्ट हॉलमध्ये 26 दिवस साक्षी झाल्या. परवाना रद्द करण्याइतका आधार होता आणि त्यावर पावलं उचलायला हवी होती, असा त्यांचा निष्कर्ष. ते उप-पोलीसप्रमुख पायउतार झाले. अहवाल 16 ऑक्टोबरला जाहीर झाला, म्हणजे घटनेपासून सात महिन्यांत. चौकशी आयोग म्हणजे मुदतवाढ, असं समीकरण ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांनी ही तारीख पुन्हा एकदा वाचावी.

पहिल्या काही दिवसांकडे परत जातो. डनब्लेनमध्ये जगभरची माध्यमं उतरली. हॉटेलं भरली, मुख्य रस्त्यावर उपग्रहाच्या तबकड्यांच्या गाड्या ओळीने लागल्या. शाळेच्या फाटकाशी फुलं, टेडी बेअर, चिठ्ठ्या यांचा ढीग वाढत गेला. त्याच आठवड्याच्या रविवारी, 17 मार्चला, ब्रिटनचा मदर्स डे होता. त्या दिवशी राणी एलिझाबेथ आणि राजकन्या ॲन गावात आल्या. दुकानांच्या काचांमागे आईसाठीची भेटकार्डं आधीपासूनच मांडलेली असणार. ती कुणी, कधी काढली असतील?

मग गावाने एक गोष्ट मागितली, जी आज मोबाइलच्या जमान्यात मागणंही अशक्य वाटावं. अंत्यविधी आम्हाला एकट्याने करू द्या. पत्रकारांनी ते ऐकलं. कॅमेरे गावाबाहेर गेले आणि त्या गावाने आपली मुलं स्वतःच पुरली.

22 मार्चला शाळा पुन्हा उघडली. 11 एप्रिलला जिम हॉल पाडला. इमारत जुनी, पडकी वगैरे नव्हती. तिच्याकडे पाहणं कुणाला शक्य नव्हतं, एवढंच. सोळा वर्षांनी, 14 डिसेंबर 2012 ला, अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यूटाउन या अशाच लहान गावातल्या सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. तिथेही इमारत पाडली गेली. अशा ठिकाणी स्मारक आधी रिकाम्या जागेचंच होतं.

डनब्लेनला मार्चमध्ये फुलं फारशी नसतात. थंडी सरता सरता जमिनीतून वर येतात ती स्नोड्रॉपची पांढरी, मान खाली घातलेली फुलं. गावातल्या आणि आसपासच्या काही बायांनी, ज्यातल्या काही शोकात बुडालेल्या घरांच्या मैत्रिणी होत्या, हँडगनवर बंदी आणावी म्हणून सह्यांची मोहीम सुरू केली. तिला नाव याच फुलाचं दिलं. बाजारपेठांत, सुपरमार्केटच्या दाराशी टेबलं मांडली गेली. कागद आणि बॉलपेन, बस्स. इंटरनेट तेव्हा घराघरात आलेलं नव्हतं. आपलं मूल गमावलेल्या आईबापांना टेबलाशी बसून अनोळखी माणसांना सही मागणं शक्य नव्हतं. ते त्यांच्या मैत्रिणींनी केलं. मोहिमेबद्दल बोलताना हा फरक सहसा निसटतो, पण लहान गावाची ताकद नेमकी इथे दिसते. दुःख एका घराचं, पण त्याचं काम शेजार करतो. सात लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्या जुलैमध्ये संसदेत दिल्या गेल्या. शॉन कॉनरी, म्हणजे पडद्यावरचा पहिला जेम्स बाँड, याने मोहिमेच्या सिनेमागृहातल्या जाहिरातीला आवाज दिला. पिस्तुलाने ओळखला जाणारा नट पिस्तुलाविरुद्ध बोलला.

विरोध झालाच. संसदेच्या गृहविषयक समितीतल्या हुजूर पक्षाच्या बहुमताने बंदी नको असं मत दिलं, आणि गावात संताप उसळला. डिसेंबरमध्ये राजपुत्र फिलिप यांनी बंदुकीची तुलना क्रिकेटच्या बॅटशी केली. मारायचंच असेल तर बॅटनेही मारता येतं, अशा अर्थाचं ते विधान होतं. नंतर दिलगिरी व्यक्त करावी लागली.

नेमबाजांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं. ब्रिटनमध्ये पिस्तूल नेमबाजी हा जुना, शिस्तीचा खेळ. ज्यांनी आयुष्यभर कायदा पाळला त्यांच्या हातातलं साधन एका माणसामुळे काढून घ्यायचं? यात न्याय आहे का? हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर संसदेने 'आहे' असं दिलं नाही. ही किंमत मोजण्यासारखी आहे, असं दिलं. याआधी 19 ऑगस्ट 1987 ला इंग्लंडमधल्या हंगरफर्डमध्ये एका माणसाने 16 जणांना मारलं होतं. तेव्हा अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली आणि हँडगन सुटल्या. एकदा अर्धवट सोडलेलं काम दुसऱ्यांदा अर्धवट सोडायचं नाही, ही भावना खोल होती. 1997 च्या सुरुवातीला हुजूर सरकारने .22 पेक्षा मोठ्या हँडगनवर बंदी आणली. मे महिन्यात सरकार बदललं, आणि टोनी ब्लेअर यांच्या सरकारने .22 च्या हँडगनही त्यात घेतल्या. लोकांनी भरपाई घेऊन 1 लाख 60 हजारांहून अधिक हँडगन पोलिसांकडे जमा केल्या. नॉर्दर्न आयर्लंड या बंदीतून बाहेर राहिलं.

मराठी वाचकाला इथे एक धागा ओळखीचा वाटेल. 2002 साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या अंजली भागवतने चार सुवर्णपदकं मिळवली, ती इंग्लंडमधल्या बिस्ली इथल्या नेमबाजी केंद्रात. तिचा प्रकार रायफलचा, त्यामुळे तिचा या कायद्याशी थेट संबंध आला नाही. पण त्याच स्पर्धेतल्या पिस्तुलाच्या काही प्रकारांसाठी सरकारला खास सूट द्यावी लागली होती, कारण ती शस्त्रं ब्रिटनमध्ये बाळगणं आता बेकायदा होतं. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागे.

बंदीने काय साधलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर लगेच फार काही दिसलं नाही. पुढची काही वर्षं इंग्लंडमध्ये हँडगनचे गुन्हे वाढतच गेले, कारण टोळीतली पोरं परवाना घेऊन पिस्तूल बाळगत नाहीत. त्यानंतर आकडे उतरले. 2010 मध्ये कम्ब्रियात एकाने शॉटगन आणि रायफलने 12 जणांना मारलं, 2021 मध्ये प्लिमथमध्ये पाच जण मारले गेले. म्हणजे सगळं संपलं असं नाही. पण डनब्लेननंतर ब्रिटनमधल्या कुठल्याही शाळेत असा गोळीबार झालेला नाही. बंदीचे विरोधक आणि समर्थक दोघांनीही हे वाक्य नीट तोलून पाहावं. डनब्लेननंतर सहा आठवड्यांनी, 28 एप्रिल 1996 ला, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थरमध्ये 35 जण मारले गेले, आणि तिथेही सरकारने काही महिन्यांत शस्त्रकायदा कडक केला. अमेरिकेत सँडी हुकनंतर खरेदीदाराची तपासणी वाढवणारं, तसं पाहिलं तर मवाळ विधेयक सिनेटमध्ये 54 विरुद्ध 46 असं बहुमत मिळवूनही पुढे सरकलं नाही, कारण 60 मतं लागत होती.

कायदे झाले, आयोग आटोपला. गाव मात्र तिथेच होतं.

त्या डिसेंबरमध्ये बॉब डिलनच्या 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' या गाण्याची एक नवी आवृत्ती ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. एका स्कॉटिश संगीतकाराने त्यात एक कडवं वाढवलं होतं, त्याला डिलनने परवानगी दिली होती. ते गाणारी मुलं डनब्लेनची होती. निधी जगभरातून आला, इतका की त्याचं काय करायचं यावर गावात मतभेद झाले. त्यातून उभं राहिलेलं डनब्लेन सेंटर 2004 मध्ये सुरू झालं. तरुण मुलांसाठी ही जागा. तिथे मुलं पुन्हा खेळायला येतात.

आणि वाचलेली मुलं मोठी झाली. 2009 मध्ये त्यातली काही अठरा वर्षांची होत होती, तेव्हा एका स्कॉटिश रविवारच्या वृत्तपत्राने त्यांची सोशल मीडियावरची पानं धुंडाळून त्यांच्या पार्ट्यांच्या, बोलण्याच्या गोष्टी छापल्या. कशासाठी? तर ही मुलं आता 'कशी वागतात' ते दाखवायला. हजारो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या, वृत्तपत्राला माफी मागावी लागली. ज्या मुलांना 1996 मध्ये कॅमेऱ्यांपासून दूर ठेवायला पत्रकार तयार झाले होते, त्यांनाच तेरा वर्षांनी 'त्या शाळेतली' म्हणून पुन्हा शोधून काढलं गेलं. त्याआधी चौकशीची काही कागदपत्रं शंभर वर्षं बंद ठेवायचा निर्णय झाला होता. त्यामुळे लोकांत इतके संशय पसरले की अखेर 2005 मध्ये ती खुली करावी लागली.

2018 मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी बंदुकांविरुद्ध रस्त्यावर यायचं ठरवलं. त्या मुलांना डनब्लेनच्या घरांकडून पत्र गेलं, 13 मार्चला.

गावाच्या मुख्य रस्त्यावर एक पत्रपेटी आहे. ब्रिटनमध्ये पत्रपेटी लाल असते, ही सोनेरी आहे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ज्याने सुवर्ण जिंकलं त्याच्या गावातली पत्रपेटी सोनेरी रंगवायची, असं टपालखात्याने ठरवलं होतं. अँडी मरेने टेनिसचं सुवर्ण आणलं. पुढच्या वर्षी त्याने विम्बल्डनही जिंकलं. शाळेतल्या त्या दिवसाबद्दल त्याला वारंवार विचारलं जायचं आणि तो बोलायचा नाही, बोलायला लागला की आवाज जायचा. 2014 मध्ये स्टर्लिंगने त्याला नागरी सन्मान दिला तेव्हा बोलता बोलता तो रडला.

पर्यटक येतात, पत्रपेटीशेजारी उभे राहून फोटो काढतात. गावातली माणसं वळसा घालून तिच्यात पत्र टाकतात आणि पुढे जातात.